उलटा पंखा आणि आमचा नाथा

नाशकातल्या सातपूरला आमच्या वरच्या मजल्यावर नाथा राहायचा. सहा दिवस कंपनीत फिटर, रविवारी रॉकस्टार! शहाण्णव साली चौघा मित्रांनी बँड काढला. नाव काय, तर ‘उलटा पंखा’. मी म्हटलं, “मेल्यांनो, सुलटा ठेवला असता तर वारा तरी आला असता!”

नाथा बेस वाजवायचा. चार जाड तारांची गिटार हो. गाण्याच्या खालून धुम धुम चालतं ना, ते.

स्वतःची मराठी गाणी केली, एक कॅसेट काढली. कॉलेज रोडच्या पोरापोरींना तोंडपाठ! मग एक दुबईला गेला, एक पुण्याला, गाणारा रुद्र बंगलोरला. राहिला नाथा.

तरी रविवारची तालीम चालूच, एकट्याची. कुरडया वाळत घालायला गच्चीवर जाताना मला त्याच्या खिडकीतून दिसायचा. जिथं दुसऱ्याची गिटार यायची तिथं हा थांबायचा, समोर कोणी असल्यासारखी मान डोलवायचा. मग पुन्हा धुम धुम.

“लग्न कर रे बाबा, भांडायला तरी कोणी मिळेल.”

“बँड जमला की करतो, काकू.”

दोन हजार पाचात रुद्रचा फोन आला. नवी पोरं घेऊन त्यानं ‘उलटा पंखा’ पुन्हा उभा केला होता. नाशकात कार्यक्रम होता. म्हणाला, “गिटार घेऊन ये, आपली जुनी गाणी तूच वाजव.” नाथानं रजा टाकली, नव्या तारा लावल्या, मला म्हणाला, “काकू, पुढं बसायचं.” मी पैठणी नेसले. म्हटलं, येताना चिडवायला भरपूर मिळणार.

हॉलच्या दाराशीच रुद्रनं त्याला मिठी मारली. “नाथ्या, राग मानू नको. या पोरांची तुझ्याबरोबर तालीम झालेली नाही. आज राहू दे, पुढच्या वेळी नक्की.”

“चालेल की,” नाथा म्हणाला.

गिटार पिशवीतच राहिली. ती दोन गुडघ्यांत धरून तो माझ्या शेजारी बसला. सगळी पोरं उभी राहून त्याचीच गाणी गात होती. नाथाची बोटं पिशवीवर चालत होती.

पलीकडच्या मुलीनं ओरडून विचारलं, “काका, तुम्हालापण आवडतो हा बँड?”

“हो,” नाथा म्हणाला, “पहिल्यापासून ऐकतोय.”

रिक्षात मला एकसुद्धा टोमणा सुचला नाही. मेला माझी पैठणी चाकात जाईल म्हणून पदर सावरत बसला होता.