तीन टिंबांचा पुरावा

‘सबमिट’चं बटण दाबलं तेव्हा मला फार बरं वाटलं. रागावलेल्या माणसाच्या हातात ऑनलाइन फॉर्म देऊ नये. तो पूर्ण भरतो.

फॉर्म आमच्या कम्युनिटी कॉलेजचा होता. ‘ॲकॅडेमिक इंटेग्रिटी रिपोर्ट’, म्हणजे विद्यार्थ्याने लबाडी केल्याची तक्रार. विद्यार्थिनीचं नाव इरा. वय सोळा. मी लिहिलं, ‘हा पेपर मुलीने नाही, तिच्या वडिलांनी सोडवला आहे याची मला खात्री आहे.’ पुढे एक रकाना होता: विद्यार्थ्याशी बोललात का? मी ‘नाही’ निवडलं. फॉर्म मुकाट्याने पुढे सरकला.

सोळा वर्षांची मुलगी कॉलेजात काय करते, ते आधी सांगतो. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरमधल्या फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवण्याच्या कारखान्यात, नोकरी करून मी रिटायर झालो. घरी बसून बायकोला डाळींचे डबे कसे लावावेत ते शिकवायला लागलो, तेव्हा तिने मला कॉलेजात शिकवायला धाडलं. तिथे ड्युअल क्रेडिटचा वर्ग गळ्यात पडला. यात हायस्कूलची मुलं हायस्कूलच्याच वर्गात बसून कॉलेजचं कॅल्क्युलस शिकतात. मार्क दोन्हीकडे धरले जातात. पुढे युनिव्हर्सिटीत तो विषय परत घ्यावा लागत नाही, म्हणून आपले लोक यावर तुटून पडतात. पण कॉलेजची मार्कांची नोंद जन्मभराची असते, हे कुणी नीट सांगत नाही. सोळाव्या वर्षी तिथे एफ, म्हणजे नापासाचा शेरा, लागला, की पुढच्या प्रत्येक ॲप्लिकेशनसोबत तो जातो. इरा त्याच वर्षी युनिव्हर्सिटीची ॲप्लिकेशन्स भरणार होती. माझी तक्रार मान्य झाली असती तर तिला एफ लागणार होता.

मला हे सगळं माहीत होतं. तरी दाबलं.

झालं होतं असं. मी वर्गाला घरी सोडवायला पेपर दिला होता. नियम एकच, कुणाची मदत घ्यायची नाही. गठ्ठा घेऊन तपासायला बसलो तर सगळ्यात वर इराचा पेपर. पानाच्या उजवीकडे उभी रेघ मारून कच्चं काम वेगळं. समीकरणाची डावी बाजू वेगळी, उजवी बाजू वेगळी. प्रत्येक पायरीच्या आधी ‘म्हणून’ची ती तीन टिंबं, त्रिकोणात मांडलेली. शेवटी ‘हेन्स प्रूव्ह्ड’ आणि त्याखाली दोन रेघा.

ॲरिझोनातली मुलं असं लिहीत नाहीत. ती उत्तराभोवती चौकोन काढतात आणि मोकळी होतात. हा पेपर सरळसरळ महाराष्ट्र बोर्डाचा होता, आणि मी त्याच बोर्डाचा माल.

माझं डोकंच फिरलं. ओळखतो मी आपल्या लोकांना! मुलीच्या सायन्स प्रोजेक्टचा ज्वालामुखी बाप बनवतो. स्पेलिंगच्या स्पर्धेत पोरगा स्टेजवर आणि खाली ओठ आईचे हलतात. आता कॉलेजही बापच करणार? गठ्ठ्यातला दुसरा पेपर न उघडता मी लॅपटॉप उघडला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण शनिवारी इथल्या मराठी मंडळाचं गुढीपाडव्याचं जेवण होतं. पार्किंग लॉटमध्ये इराचे वडील भेटले. मिलिंद. हातात श्रीखंडाचा भलामोठा डबा.

“नमस्कार काका! काय म्हणतेय इरा? बरं चाललंय ना?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मुलगी कॉलेजच्या वर्गात आली की तिचे मार्क तिचे. तिच्या परवानगीशिवाय ते आईबापांनाही सांगायचे नाहीत, असा इथला कायदा आहे. आम्हाला त्याचं ट्रेनिंग होतं. शेवटी क्विझही होती. मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

“तिचं माहीत नाही, तुझं छान चाललंय,” मी म्हणालो. “अक्षर तेवढं सुधार.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझी तीन टिंबं मी ओळखतो, मिलिंद. मुलीचा पेपर बापाने सोडवायचा? लाज नाही वाटत?”

त्याने डबा गाडीच्या टपावर ठेवला. “काका, मी बी.कॉम. आहे.”

“काय?”

“बी.कॉम.! नागपूरचा! सॉफ्टवेअर कंपनीत अकाउंट्सचं काम बघतो. इंटिग्रेशन जन्मात केलं नाही मी!”

तो इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या गाडीतून उतरणारं कुटुंब एक पाय बाहेर, एक पाय आत असं थांबलं. चँडलरमधला मराठी माणूस इंजिनियर नसू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शहाण्याने तिथेच माघार घेतली असती.

“मग पुण्याची ऑनलाइन शिकवणी लावली असशील,” मी म्हणालो.

“तुम्ही माझ्या मुलीला चोर म्हणताय?”

“मी पुरावा बघून बोलतोय.”

“दाखवा ना मग पुरावा!”

“ऑफिसला पाठवलाय.”

त्याचा आवाज एकदम खाली आला. “कुठल्या ऑफिसला, काका?”

मी आत निघून गेलो. बातमी माझ्या आधीच आत पोचली होती. ताट वाढून घेताना दोन काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग एकमेकींकडे.

चौकशीला बोलावणं आलं. खोलीत आम्ही तिघं. ड्युअल क्रेडिटचं काम बघणाऱ्या लिंडा, मी आणि इरा. वडिलांना आणायची मुभा असूनही ती एकटी आली होती.

लिंडाबाईंनी पहिला प्रश्न मला विचारला. “तुम्ही हे तिच्या वडिलांशी बोललात?”

“हो.”

“तिची परवानगी घेऊन?”

“पार्किंग लॉटमध्ये बोललो.”

“मी जागा विचारली नाही.”

इरा उठली आणि थेट बोर्डापाशी गेली. “गिव्ह मी अ प्रॉब्लेम.” मी खुन्नस ठेवून त्या धड्यातलं सगळ्यात वाईट गणित दिलं. तिने उजवीकडे रेघ मारली, दोन्ही बाजू मांडल्या आणि खटाखट टिंबं टाकत शेवटपर्यंत गेली. बरोबर. खाली दोन रेघा.

तरीही मला वाटलं, सापडली. मी वकिलासारखा पुढे वाकलो. “ही अशी मांडणी तुला कुणी शिकवली?”

“यू डिड.”

“मी?”

ती इंग्रजीत बोलत होती. थंड आवाजात. “तुम्ही रोज येता आणि बोर्डावर उजवीकडे रेघ मारता. प्रत्येक लाइनला ही टिंबं काढता. शेवटी दोन रेघा इतक्या जोरात मारता की मार्कर किंचाळतो. आम्हाला वाटलं, कॉलेजात असंच लिहायचं असतं. सगळेच तसं लिहितात. टायलरचा पेपर बघा ना!”

टायलर म्हणजे शाळेच्या फुटबॉल टीममधला सहा फुटी गडी. त्याच्या सात पिढ्यांनी महाराष्ट्र नकाशातही पाहिला नसावा. गठ्ठा माझ्या बॅगेत होता, अजून रबर बँडमध्येच. मी टायलरचा पेपर काढला. उभी रेघ. डावी बाजू, उजवी बाजू. टिंबं वाटाण्याएवढी. शेवटी दणदणीत ‘हेन्स प्रूव्ह्ड’. प्रूव्ह काहीही झालेलं नव्हतं, पण दोन रेघा चोख होत्या.

दुसरा पेपर काढला, तिसरा काढला. सगळीकडे मीच होतो.

इथे फॅबमधली एक गोष्ट सांगायलाच हवी. चिप ज्या चकतीवर बनते तिला वेफर म्हणतात. अशा वेफर्सचा एक गट म्हणजे लॉट. लॉटमधल्या एका वेफरवर ओरखडा दिसला की नवे इंजिनियर घाबरून लगेच तिला दोष देतात. त्यांना मी फाडून खायचो. आधी अख्खा लॉट बघ! ओरखडा सगळ्यांवर सारखाच असेल तर वेफरला काय विचारतोस? ज्या मशिनखालून लॉट गेला ते मशिन उघड! हे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं. आणि स्वतः पहिल्या वेफरवर थांबलो, मशिन तर आरशात होतं.

लिंडाबाईंनी तक्रार तिथेच रद्द केली. बापाशी बोलल्याबद्दल मला लेखी ताकीद आणि ते ट्रेनिंग पुन्हा. बरोबरच होतं.

“सॉरी, बेटा,” मी म्हणालो.

“डोन्ट,” ती म्हणाली. मग मराठीत, शब्द शोधत, “पेपर माझा होता. तुम्ही ऑफिसला सांगितलं, बाबांना सांगितलं. मला एक ईमेल नाही केली. रिपोर्ट परत घेतला. पार्किंग लॉट कसा परत घेणार?”

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफी मागायचं ठरवलं, पण तिच्याबद्दल एक अक्षर लिहायलाही आता तिची परवानगी हवी होती. मसुदा लिहून तिला ईमेल केला. चांगला लांबलचक होता, त्यात फॅबचा दाखलाही होता. तो परत आला तेव्हा बहुतेक सगळ्यावर लाल रेघ होती. ‘गैरसमज झाला’ यापुढे तिने लिहिलं होतं, ‘झाला नाही. तुम्ही केला.’ उरलं ते एवढंच: ‘इराचा पेपर इरानेच सोडवला. मी न तपासता आरोप केला. मी चुकलो.’

तेवढंच ग्रुपवर टाकलं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मग कुणीतरी विचारलं, श्रीखंड कुणाकडून मागवलं होतं? मिलिंदचे हात त्या रांगेत नव्हते. अजूनही मी पुढे आलो की त्याला अचानक फोन येतो.

आता मी गठ्ठा पूर्ण तपासल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही. शेवटच्या पेपरापर्यंत राग टिकला तर तो खरा समजायचा. आजवर एकदाही टिकलेला नाही.

मे महिन्यात फायनल झाली. पेपर तपासताना उभ्या रेघा, टिंबं, दोन रेघा येतच होत्या. टायलरने या वेळी खरोखर काहीतरी प्रूव्ह केलं होतं. मग इराचा पेपर आला. पानावर रेघ नाही. टिंब एकही नाही. जिथे जिथे ते हवं होतं तिथे तिने साधं ‘सो’ लिहिलं होतं आणि उत्तराभोवती चौकोन. सगळी गणितं बरोबर.

मी ए दिला. अख्ख्या लॉटमध्ये ती एकच वेफर माझ्या ओरखड्याशिवाय निघाली होती.