पुढच्या ब्रेकचा दांडा

"रंग देऊन टाका कांबळेभाऊ, ऐतवारी निंगायचं हाय," म्हात्रे म्हणाले.

मी त्यांच्या मुलीच्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो. ब्रेकचा सगळा जोर जिथे अडायला हवा, तिथे एक पातळ पट्टी होती, आणि ती फोर्कला, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या चिमट्याला, धरून होती पाण्याच्या पाइपाला लावतात तसल्या क्लिपने.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात, साचे आणि हत्यारं बनतात त्या टूलरूमला मी तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर कळंबोलीत छोटा गाळा घेतला. म्हात्रे कोपरखैरणे गावातले. मुलगी मनाली बँकेत आहे. तिने दोन वर्षं खपून जुनी गाडी नव्याने उभी केली होती. फोर्क तेवढा बाहेरून तयार आणलेला. पहिली फेरी खोपोलीपर्यंत, मागे वडील.

ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या आत दोन शू असतात, एका गोल प्लेटवर बसवलेले. ब्रेक दाबला की ते फिरत्या चाकाला धरतात. चाक मग त्या प्लेटलाच सोबत फिरवायला बघतं. म्हणून प्लेट फोर्कला पक्की बांधावी लागते. त्याला अँकर म्हणतात. तो सुटला तर प्लेट गरकन फिरते, केबल गुंडाळली जाते, चाक जाम होतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

म्हात्र्यांचं म्हणणं, बनवणाऱ्याने काही विचार केलाच असेल. मी वाद घातला नाही. गाडी बाहेर काढली, हाताने ढकलत जोरात चाललो आणि ब्रेक दाबला. क्लिप घसरली, प्लेट पाव फेरा फिरली, चाक अडलं. गाडी आडवी, मी तिच्याबरोबर. म्हात्र्यांनी आधी गाडी उचलली, मग मला.

"करा मंग बराबर," ते म्हणाले.

मी जाड स्टीलचा दांडा केला. एक टोक प्लेटला, दुसरं फोर्कच्या न हलणाऱ्या पायाला. दोन्हीकडे फिरते सांधे, जास्त ताण सोसणारे हाय-टेन्साइल बोल्ट, नट सुटू नये म्हणून आरपार पिन. त्या दांड्यावर ट्रक टांगता आला असता. मी खूश होतो.

शनिवारी मनालीने गाळ्यासमोरच्या यार्डात चक्कर मारली. ती म्हणाली, "काका, ब्रेक धरून खड्ड्यातून गेले की हँडल हाताला मारतंय. ब्रेक सोडला की ठीक."

मी म्हणालो, स्प्रिंग नवीन आहे, बसेल. ती आणखी एक चक्कर मारून आली आणि गाडीवरून उतरली. "तुम्ही बसून बघा."

मी बसलो. दोन्ही ब्रेक दाबून हँडलवर वजन टाकलं. फोर्क हलेना. ब्रेक सोडले, तर छान दबला. तीस वर्षांची टूलरूम तिथेच उघडी पडली. या फोर्कमध्ये चाक एका छोट्या लिंकच्या, म्हणजे फोर्कच्या पायाला सांध्याने जोडलेल्या पट्टीच्या, टोकाला असतं आणि लिंकबरोबर खालीवर होतं. माझा दांडा लिंकला समांतर नव्हता, तिरका होता, कारण फोर्कवर तिथे आयतं भोक सापडलं होतं. ब्रेक लागला की तो सस्पेन्शनलाच टेकू द्यायचा, दबूच द्यायचा नाही. ओल्या वळणावर ते काय करेल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "उद्या गाडी मिळणार नाही."

म्हात्रे एवढंच म्हणाले की खोपोलीच्या पावन्यांना सांगून झालंय. मनाली म्हणाली, "मग परत सांगा, पप्पा."

मी दांडा अडकवायला फोर्कवर नवा ब्रॅकेट केला. दांडा आता लिंकएवढ्याच लांबीचा आणि तिला समांतर. फोर्क वर असो की खाली, दोघं बरोबरीने हलतात. आठवडाभर मनाली रोज ऑफिस सुटल्यावर येऊन ब्रेक धरून त्याच खड्ड्यातून जात होती. मी चाक काढून वेल्ड आणि बोल्ट तपासत होतो.

पुढच्या रविवारी बापलेक गेले. पनवेलच्या पुढे एक टेम्पो एकाएकी थांबला. मनालीने पूर्ण ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत, हातभर अंतर ठेवून उभी राहिली. हे तिने फोनवर सांगितलं. म्हात्र्यांनी फोन घेऊन मागची सीट कडक असल्याची तक्रार केली.

आता कोणीही फोर्क आणला की मी बोल्टची जाडी नंतर बघतो. आधी दोन्ही ब्रेक दाबून हँडलवर वजन टाकतो. आणि चालवणारा म्हणाला काहीतरी लागतंय, तर स्प्रिंगला दोष देण्याआधी स्वतः बसून बघतो.