म्हणजे नेमक्या कोण?

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी काही वर्षं डर्बनला राहत होते. तिथल्या वाचनालयात एका दुपारी एका वयोवृद्ध पुढाऱ्याचं भाषण होतं. पुढारी भारतीय वंशाचे. तरुणपणी वर्णभेदाविरुद्ध लढताना तुरुंगात गेले, पुढे मंत्री झाले आणि शेवटी आपल्याच पक्षाशी भांडून बाहेर पडले.

"माणसाला कातडीवरून मोजणाऱ्यांशी आम्ही लढलो," ते म्हणाले, "आणि आता आमचेच लोक मतांसाठी तीच मोजपट्टी घेऊन उभे आहेत."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात पुढच्या रांगेतून, जिथे त्या मोजपट्टीचा मार कधीच न बसलेले गोरे लोक होते. माझ्या मनात पाल चुकचुकली. विचार खरा असेल, पण तो कुणाच्या सोयीचा आहे? आपल्याकडेही "आम्ही जात मानत नाही" म्हणणारे चहा येईपर्यंत आडनाव विचारून घेतातच.

भाषणानंतर व्हरांड्यात ते माझ्याशी बोलायला थांबले. "भारतातल्या का?"

"हो. महाराष्ट्रातली."

"ते झालं. पण म्हणजे नेमक्या कोण?"

तो सूर मी लहानपणापासून ओळखते. "तुमचं भाषण ऐकायला आलेली एक बाई," मी जरा तुटकपणेच म्हणाले.

ते ओशाळले. त्यांनी काठीवर दोन्ही हात टेकवले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुरुंगात नवा माणूस आला की आम्ही पहिल्यांदा हेच विचारायचो. एकाच लढाईत पकडले गेलो होतो, तरीसुद्धा."