सुतावरची धिंगरी

सुताच्या एकाही बॅगेत बुरशीचं पांढरं जाळं दिसत नव्हतं. हेंक एकेक बॅग उचलून बल्बखाली धरायचा, फिरवून बघायचा आणि परत रॅकवर ठेवायचा. शेजारच्या रॅकवर भाताच्या पेंढ्याच्या बॅगा होत्या. त्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. खोली तीच, पाणी तेच, बियाणं तेच, भरणाऱ्या बायकाही त्याच.

"सडलंसुद्धा नाही," हेंक मला इंग्रजीत म्हणाला. "मला त्याचीच काळजी वाटते."

दारात उभ्या असलेल्या वनिताताईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण त्याचं तोंड कळत होतं.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट. २००० नंतरची ती वर्षं. भिवंडीत एका लहान संस्थेच्या लॅबमध्ये मी स्पॉन तयार करायचे. स्पॉन म्हणजे मशरूमचं बियाणं. उकडलेल्या ज्वारीवर मशरूमची बुरशी वाढवायची आणि ते दाणे शेतकऱ्यांना द्यायचे. शेतकरी ओल्या पेंढ्याचे थर प्लास्टिकच्या पिशवीत भरतात, मधेमधे हे दाणे पेरतात आणि पिशवी अंधारात ठेवतात. पेंढा पांढरा झाला की पिशवी कापायची, पाणी मारायचं, मग शिंपल्यासारखी मशरूम बाहेर येतात, तीच धिंगरी.

हेंक हॉलंडचा. आयुष्यभर मशरूमची शेती केली, साठी ओलांडल्यावर शेड विकली आणि परदेशातल्या लहान शेतकऱ्यांबरोबर काम करायला व्हॉलंटियर म्हणून बाहेर पडला. आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्याची सोय शहरातल्या लॉजवर केली होती. त्याने ती नाकारली आणि पडघ्याजवळच्या गावात वनिताताई पाटलांच्या पडवीत खाट टाकून राहिला. सुकट भाकरी खायला शिकला. मराठीतले दोनच शब्द त्याला पक्के येत, 'हाय' आणि 'न्हाय'. त्यातला दुसरा तो जास्त वापरायचा.

सूत वापरायची वेळ का आली, तेही सांगते. गावात भातशेती झपाट्याने कमी होत होती. भराव पडत होता, गोडाऊनं उभी राहत होती. जो थोडा पेंढा निघे, तो तबेलेवाले आधीच उचलत. वनिताताईंच्या बचत गटाला धिंगरीसाठी पेंढा मिळेना. दुसरीकडे भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, रोज सुती धाग्याचा कचरा निघतो. कापसावर धिंगरी चांगली वाढते, हे पुस्तकात आहे. तेव्हा ठरलं, सूत.

आणि सूत मेलं होतं.

आमचे प्रोजेक्ट हेड साठे सर. त्यांना फोन केला. मदत देणाऱ्या संस्थेची माणसं दिवाळीच्या आधी पाहायला येणार होती. सर म्हणाले, सुताचा ट्रायल बंद करा, रॅक रिकामा करा, पाहुण्यांना पेंढ्याच्या बॅगा दाखवा. मी हेंकला सांगितलं. तो म्हणाला, "न्हाय."

खोलीचाही प्रश्न होता. ती वनिताताईंच्या दिराची, काशिनाथची. दापोड्याचा एक ट्रान्सपोर्टवाला ती माल ठेवायला मागत होता. काशिनाथ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "वहिनी, दिवाळीपर्यंत बगतो. तवर कायतरी दिसला पायजे." वनिताताईंनी मान हलवली. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, "मॅडम, पेंढा न्हाय, सूत पन न्हाय, तर या बायकांनी परत गोडावनात झाडू मारायला जायचं का?"

मी सुताचा एक पुंजका लॅबमध्ये नेला. काचेच्या बशीत बटाट्याच्या रसाची जेली असते, तिच्यावर आम्ही बुरशी वाढवून बघतो. बशीच्या एका बाजूला धिंगरीची बुरशी ठेवली, दुसऱ्या बाजूला धागे. बुरशी जोरात धाग्यांकडे निघाली आणि अलीकडेच थांबली. धाग्यांभोवती स्वच्छ पट्टा राहिला. तिथे दुसरीही कुठली बुरशी आली नाही. याचा अर्थ एकच. धाग्यात काहीतरी होतं आणि ते बुरशीला मारत होतं.

मी तेच धागे पुन्हा पुन्हा उकळून, धुऊन, परत बशीत ठेवले. या वेळी बुरशी धाग्यांवर चढली. साठे सरांना फोनवर सांगितलं, ते खूश झाले.

"मग धुऊन वापरा. वाढतंय ना?"

"सर, ते लोकांनी खायचं आहे."

मशरूम ज्यावर वाढतं त्यातले शिशासारखे विषारी धातूही शोषून घेतं. धुण्यात काय निघालं आणि काय उरलं, हे मला माहीत नव्हतं. मी ते धुतलेलं सूत बायकांना देणार नाही, असं सांगितलं. सर चिडले. प्रोजेक्ट तुमच्यामुळे बंद पडला असं रिपोर्टमध्ये लिहावं लागेल, म्हणाले. मी म्हटलं, लिहा. फोन ठेवल्यावर वाटलं, नुसतं नाही म्हणून भागणार नाही, उत्तरही आपणच शोधायला हवं.

दुसऱ्या दिवशी हेंकला घेऊन इक्बालशेठकडे गेले. त्यांच्याच लूमचं सूत आम्ही घेत होतो. घराणं कोकणी मुसलमान, तीन पिढ्या लूमचा धंदा, शिवाय सायझिंगचा स्वतःचा कारखाना. सायझिंग म्हणजे धाग्याला कांजी लावणं. मी त्यांना बशी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून नीट बघितली आणि हसले.

"मॅडम, पावसाळ्यात बीमवर गुंडाळलेल्या धाग्याला बुरशी आली तर आमचा अख्खा माल परत येतो. म्हणून कांजीत औषध टाकतात. तुमची बुरशी मरते म्हणजे औषध अस्सल आहे."

मी हेंकला इंग्रजीत सांगितलं. तोही हसायला लागला. बुरशी वाढवायची होती, आणि आम्ही निवडलं होतं बुरशीनाशक लावलेलं सूत.

पण कापड कसं विणतात ते मी कधी नीट बघितलं नव्हतं, म्हणून विचारलं, सगळ्याच धाग्याला कांजी असते का? शेठ म्हणाले, नसते. कापडात उभा धागा असतो तो ताणा. लूमवर त्याला ओढ बसते, तो घासलाही जातो, म्हणून कांजी फक्त त्याला. आडवा धागा म्हणजे बाणा. तो कांडीवर, म्हणजे धोट्यातल्या लहान नळीवर, गुंडाळलेला असतो आणि कोराच असतो. कांडीवर उरलेलं सूत काढून टाकतात, तेही कोरंच.

आम्हाला फक्त ते कांडीचं सूत हवं होतं. अडचण अशी की दोन्ही कचरे जमिनीवर एकत्र पडत आणि भंगारवाला ते एकत्रच उचले. शेठ म्हणाले, माझी हरकत नाही, पण कामगार पीसरेटवर आहेत. मीटरमागे मजुरी. ते तुमच्यासाठी थांबून कचरा वेगळा करणार नाहीत. तुम्हीच त्यांच्याशी बोला.

वनिताताई आणि गटातल्या बायका शिफ्ट बदलायच्या वेळी कारखान्यात आल्या. लूमच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळे बाहेर गल्लीत उभे राहिले. वनिताताईंनी प्रत्येक लूमजवळ टांगायला जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून आणल्या होत्या. त्यांचं हिंदी बेतास बात. त्या म्हणाल्या, "भैया, कांडी का सूत इसमें डालो, बाकी कुछ मत डालो. उसपे हम खाने की चीज उगाते हैं. पहले हमारे घर में खाएंगे, बाद में बेचेंगे."

उत्तर प्रदेशातल्या बलियाहून आलेल्या एका वयस्कर कामगाराने एक पिशवी घेतली आणि आपल्या लूमला बांधली. हळूहळू बाकीच्यांनीही घेतल्या. काहींनी घेतल्या नाहीत. त्यांच्या लूमवर बायका पुन्हा पुन्हा गेल्या.

पिशवीत ताण्याचा धागा चुकून आला तर? त्यासाठी मी बायकांना टिंक्चर आयोडीनची बाटली दिली. जखमेवर लावतात तेच. कांजीवर थेंब टाकला की तो निळाकाळा होतो, कोऱ्या सुतावर पिवळट राहतो. प्रत्येक पिशवीतले धागे ठिकठिकाणचे काढून तपासायचे, एकही निळा झाला तर ती पिशवी बाद. वनिताताई इतक्या पिशव्या बाद करायच्या की हेंकलाही वाटे, जरा सैल सोडावं. त्या ऐकत नसत.

कोरं सूत भरलं, तरी पहिल्या बॅगा मधोमध आंबल्या. ओलं सूत चेपून घट्ट गोळा होत होतं, आत हवा जात नव्हती. हे हेंकच्या अनुभवातलं काम. त्याने लाकडी ओंडका मागवला आणि बायकांबरोबर बसून कोयत्याने सूत तोडायला लागला. त्यात मिळेल तेवढा थोडा पेंढा मिसळला. हाताला फोड आले, वर कापड गुंडाळून तो तोडतच राहिला.

या वेळी बॅगा पांढऱ्या झाल्या.

धिंगरी आली, पण मी विकू दिली नाही. नमुने मुंबईला धातूंच्या तपासणीला पाठवले. बायका वैतागल्या. डोळ्यांसमोर माल सुकत होता. रिपोर्ट चांगला आला, त्या दिवशी वनिताताईंनी वालाच्या भाजीसारखा मसाला घालून धिंगरी केली. काशिनाथला वाढली. त्याने दुसऱ्यांदा मागून घेतली. ट्रान्सपोर्टवाल्याला त्याने त्या हंगामापुरता नकार दिला.

पाहुणे आले तेव्हा साठे सरांच्या मनात नसताना हेंकने मेलेल्या बॅगाही रॅकवर मांडून ठेवल्या होत्या. पाहुणे त्यांच्यापुढेच जास्त वेळ उभे राहिले. मी बशी दाखवली, वनिताताईंनी आयोडीनचा थेंब टाकून दाखवला. मदत पुढे चालू राहिली. सरांनी रिपोर्टमध्ये माझ्याविषयी चांगलं किंवा वाईट काहीच लिहिलं नाही.

हेंक व्हिसा संपल्यावर परत गेला. काही वर्षांनी काशिनाथची खोली पाडून तिथे गोडाऊन झालंच. तोवर गटातल्या बायकांनी आपापल्या घरामागे ताडपत्रीच्या खोल्या केल्या होत्या आणि कांडीच्या सुताच्या पिशव्या तिकडे जात होत्या.

मी त्यानंतर बऱ्याच ठिकाणी काम केलं. टाकाऊ मालातून काहीतरी पिकवायची योजना घेऊन कुणी आलं की मी एकच प्रश्न आधी विचारते. हा माल खराब होऊ नये म्हणून त्यात कुणी काय घातलं आहे? बहुतेकांना ते माहीत नसतं. मग मी त्यांना चहा देते आणि आधी ते शोधून यायला सांगते.