नऊ फरश्यांवरचा टीव्ही

सटाण्याकडच्या आमच्या गावात टीव्ही बघायचा म्हणजे चार घरं ओलांडून जायचं. मी तेव्हा दुसरीत किंवा तिसरीत असेन. माय दिवसभर व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायची. मोठा एकीकडे, मध्यम एकीकडे आणि लिंबाएवढी गोल्टी तिसरीकडे. आप्पा मिळेल ते काम करायचे; जमीन आमच्या वाट्याला आलीच नव्हती. संध्याकाळी माय हातपाय धुऊन, साडी बदलून मला त्या घरी घेऊन जायची. पण कांद्याचा वास साडी बदलून जात नाही. तो नखांत बसतो, केसांत बसतो. एकदा त्या घरच्या बाईंनी नाकाला पदर लावला नि म्हणाल्या, "पोरीला येऊ दे आत. तू दारातच टेक गं, तिथून दिसतं सगळं."

माय दारात बसली. मी आत सतरंजीवर आणि ती उंबऱ्याबाहेर. मालिका संपेपर्यंत मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. माझा जीव मालिकेत अडकला होता, दुसरं कारण नव्हतं. मला ते आजही खुपतं.

पुढे आप्पांना अंबडला एका कारखान्यात हेल्पर म्हणून काम लागलं आणि आम्ही नाशिकला आलो. चुंचाळ्याच्या बाजूला एक खोली, बाहेर सामाईक नळ. तिथे आमच्याकडे टीव्ही आला, पण तो कायम कुणाचा तरी असायचा. पहिला आप्पांच्या पाळीतल्या एका काकांचा. त्यांची बदली झाली म्हणून खोका आमच्याकडे आला. डाव्या अंगाला थाप मारली की चित्र यायचं, आणि चित्रातली सगळी माणसं हिरवी असायची. दुसरा, चपटा नि छोटा, माय जिथे पोळ्या करायला जायची त्या शिक्षिकाबाईंचा. त्याचं चालू करायचं बटण गळून पडलेलं होतं. भोकात काडेपेटीची काडी घालून दाबायचं. रिमोट भलत्याच कंपनीचा, तीनदा दाबला की एकदा ऐकायचा. आमच्याकडे येऊन दहा वर्षं झाली तरी आम्ही म्हणायचो, "मॅडमचा टीव्ही लाव गं."

मी बी.कॉम. झाले. आप्पांच्या आणि मायच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जिथे तिथे सांगते. कुणाला घमेंड वाटली तर वाटू दे. अंबडलाच एका ऑफिसात नोकरी लागली, आणि काही वर्षांनी आम्ही पाथर्डी फाट्याला एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. मॅडमचा टीव्हीही बरोबर आला, काडीसकट.

माझं कॉलेज संपून काही वर्षं झाली आणि मायचं सुरू झालं. अंगणवाडीत दुपारी बायकांचा वाचायला शिकायचा वर्ग भरायचा, तिथे ती जायला लागली. दोन वर्षांत तिला दुकानांच्या पाट्या यायला लागल्या, मग बसवरची नावं, मग गॅसच्या पावतीवरचं आमचं आडनाव. आप्पा तिला 'मास्तरीणबाई' म्हणायचे. ती म्हणायची, "म्हणा, म्हणा. औषधाची बाटली वाचायला मलाच बोलावता ना?"

मग तिने बातम्यांच्या खालची पळती पट्टी वाचायला घेतली. तिचं सगळं लक्ष कांद्याच्या भावावर. कांदा सोडून वीस वर्षं झाली, पण भाव सोडला नव्हता. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, म्हणून ती मागच्या भिंतीला लावलेल्या पलंगावर बसते. तिथून त्या छोट्या टीव्हीवरची अक्षरं म्हणजे मुंग्या. 'कांदा' एवढं हाती लागायचं आणि भाव येईपर्यंत ओळ पळालेली असायची.

"पुन्हा येते की ती," आप्पा म्हणायचे. "फिरतीच आहे."

"तिला येऊ द्या. मला कुठे येतंय?"

असं महिना-दोन महिने चाललं. एका दुपारी मी घरी होते, वर्गाची वेळ झाली तरी माय उठली नाही. वही-पेन्सिलची पिशवी खुंटीलाच. विचारलं तर म्हणाली, "नाव काढून घेतलं. दोन वर्षं घासून साधी पट्टी वाचता येत नसेल तर कशाला दुसऱ्याची जागा अडवायची? माझं डोकं आता पिकलेलं."

मी तिला सांगितलं की अक्षरं बारीक आहेत, तुझं डोकं ठीक आहे. तिला ते पटलं नाही. तिला वाटलं, मी तिच्या समाधानासाठी बोलतेय. चष्म्याच्या दुकानात नेलं, तर तिथल्या माणसाने जुनाच नंबर बरोबर आहे म्हणून सांगितलं. मग मी ठरवलं, टीव्ही घ्यायचा. नवा घ्यायचा. आणि ती पलंगावर बसून पट्टी वाचेल असाच घ्यायचा.

आता मी शिकलेली, म्हणजे माझी पद्धत शिकलेल्यांची. दोन आठवडे मी मोबाईलवर वाचत होते. एका मोठ्या कागदावर रकाने पाडले: आकार, किंमत, वॉरंटी, आवाज, लोकांनी दिलेले तारे. ऑफिसातल्या लोकांना दाखवला तर एक जण म्हणाला, "मॅडम, टीव्ही घेताय की टेंडर काढताय?" कागदानुसार पंचावन्न इंची एक मॉडेल पहिलं आलं. मोठा टीव्ही, मोठी अक्षरं, प्रश्न मिटला. मोबाईलवरूनच मागवणार होते. मायने हात धरला.

"बघितल्याशिवाय?"

"माय, हजारो लोकांनी चांगला म्हटलाय."

"ते हजार जण कांदे न बघता घेत असतील. आपण बघून घेऊ."

रविवारी आम्ही तिघं निघालो. कॉलेज रोडचं एक दुकान झालं, शालिमारचं एक झालं. दोन्हीकडे मला सगळं आवडलं आणि मायला काहीच नाही. तिसरं दुकान त्रिमूर्ती चौकाजवळचं, जरा लहान. सेल्समन पोरसवदा होता, पण तोंडाचा तिखट. त्याने माझं पंचावन्न इंची लावलं. पडद्यावर एक पोपट पंख पसरून उडाला. मग धबधबा, मग कापलेलं कलिंगड, त्यावर पाण्याचे थेंब. आप्पांनी तर कलिंगडाकडे हात नेला.

"बघा काका, तोंडाला पाणी सुटलं की नाही? असे कलर दुसरीकडे दाखवा," सेल्समन म्हणाला.

मी कागदावर त्या मॉडेलपुढे खूण केली. तेवढ्यात माय पुढे झाली. ती शहरातल्या लोकांशी शहरातलं बोलते, पण हटून बसली की अहिराणीवर येते.

"वरना कांदा नको दखाडू भाऊ," ती म्हणाली, "मझारना दखाड."

सेल्समन माझ्याकडे बघायला लागला. "कांदा?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्याला समजावून सांगितलं. खळ्यावर गोणी भरताना तोंडाशी देखणा, गोल, लाल कांदा लावतात. मुरलेलं गिऱ्हाईक वरच्या कांद्याकडे बघतसुद्धा नाही. ते गोणीत कोपरापर्यंत हात घालतं आणि मधला कांदा वर काढतं. मायने वर्षानुवर्षं ती तोंडं स्वतः सजवलेली होती. तिला पोपट दाखवून काय उपयोग?

"मावशी, सगळे हाच व्हिडिओ बघून घेतात," तो म्हणाला.

"आमच्या घरी पोपट नाही येत. बातम्या येतात. बातम्या लाव."

"इथं केबलचं कनेक्शन नाही मावशी."

गल्ल्यावरचे मालक इतका वेळ चहा पीत बसले होते. अहिराणी ऐकून त्यांनी मान वर केली. "कुठल्या तुम्ही, ताई?"

"सटाण्याकडच्या."

"मग सुटका नाही," ते सेल्समनला म्हणाले. "माझी आत्या तिकडचीच. जा, आतला डबा आण." गोदामात ते स्वतः क्रिकेट बघायचे तो सेट-टॉप बॉक्स वायरीसकट बाहेर आला.

बातम्या लागल्या. खाली पट्टी पळायला लागली. मी मायसाठी स्टूल ओढलं, तर म्हणाली, "थांब, फरश्या मोजू दे." घरी पलंगापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत नऊ फरश्या. तिने निघण्याआधी मोजल्या होत्या, मला न सांगता. माझ्या कागदात हा रकानाच नव्हता.

ती टीव्हीकडे तोंड करून पाऊल मागे टाकत निघाली. एक, दोन, तीन. फ्रिजच्या रांगेपाशी चार. मिक्सरच्या मांडणीपाशी सात. आठवीला ती काचेच्या दारात पोचली आणि नववी फरशी दाराबाहेर निघाली. आप्पांनी मुकाट स्टूल तिच्यामागे नेऊन ठेवलं होतं. ती दारात बसली, पाय आत आणि पाठ रस्त्याकडे.

दुकानाची फरशी दोन फुटी होती. आमची घरची एक फुटी. मला ते कळायला वेळ लागला, कारण मी फरशीकडे बघतच नव्हते. मला फक्त माय दिसत होती, दारात बसून दुसऱ्याचा टीव्ही बघणारी. ह्या वेळी मी आत उभी राहून तिच्याकडे बघत होते.

"माय, दारात नको. आत ये." माझा आवाज जरा चढला असावा. सेल्समन दचकला.

"का गं?"

"फरशी मोठी आहे इथली. तुझा हिशेब चुकला. साडेचार फरश्या धर."

तिने खाली बघितलं, फरशीवर पाऊल ठेवून मापलं, आणि हसली. पण उठली नाही. म्हणाली, "आता बसलेच आहे तर बघू दे. दारमातीन दिखनं, ते घरमा दिखीच."

दारातून दिसलं, तर घरात दिसेलच.

पंचावन्न इंची तिने बराच वेळ बघितलं. मग मान हलवली. "अक्षर मोठं आहे, पण पळताना पोट फुटतंय त्याचं. शेपूट राहतंय मागे." मी जवळ जाऊन बघितलं. खरंच, पोपट झोकात उडवणाऱ्या त्या पडद्यावर पळतं अक्षर फिसकटत होतं. सेल्समनने सेटिंगमध्ये जाऊन दोन-तीन गोष्टी बंद करून बघितल्या, थोडा फरक पडला, पुरता नाही. शिवाय पडदा आरशासारखा. समोरची ट्यूबलाइट नेमकी पट्टीवर आडवी पडलेली.

मग त्याने त्रेचाळीस इंची लावलं. माझ्या कागदावर ते सातव्या नंबरावर होतं, किंमत पहिल्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. पोपट तर त्याच्यावर अगदीच फिका दिसला असता. पण पट्टी स्वच्छ होती, आणि पडद्यात ट्यूबलाइट दिसत नव्हती. माय पुढे वाकली. ओठ हलायला लागले.

"कां... दा," ती म्हणाली. मग ओळ पळाली.

आता आप्पांनी स्टूल उचलून साडेचार फरश्यांवर आणलं. पट्टी फिरून आली.

"लाल कांद्याच्या भावात..." मायने वाचलं, श्वास घेतला, "...सुधारणा." मग सेल्समनकडे वळून म्हणाली, "सुधारणा म्हणजे वाढला. दिसतंय मला. हाऊ पोपट नई, टीव्ही शे."

मालकांनी कप खाली ठेवला. आप्पा फ्रिजच्या रांगेकडे तोंड करून उगाच एक दार उघडून आत बघत राहिले.

पुढचं काम माझं होतं, आणि ते मी केलं. वॉरंटी कार्ड उघडून सगळी बारीक अक्षरं वाचली. भिंतीवरच्या स्टँडचे वेगळे पैसे बिलात लावले होते. खोक्यावर काय काय आत आहे त्या यादीत स्टँड होता, तो मी बोट ठेवून दाखवला. सेल्समन म्हणाला, "मॅडम, हे कुणी वाचत नाही हो." मी म्हटलं, "आमच्या घरात आता दोघी वाचतात." वाढीव वॉरंटी नको म्हटलं. मॅडमचा जुना टीव्ही बदल्यात देऊन आणखी थोडे सुटले. काडीसकट घेणार का, असं आप्पांनी विचारलं, आणि मालक इतके हसले की बसवून द्यायचे पैसेही त्यांनी सोडून दिले.

बिल कुणाच्या नावावर, असं विचारल्यावर मी मायचं नाव सांगितलं. तिने बिल हातात घेऊन ते नाव वाचलं, आणि एक वेलांटी ऱ्हस्व पडली होती ती दुरुस्त करून घेतली.

टीव्ही भिंतीवर लागला त्याच संध्याकाळी समोरच्या घरात धुणी-भांडी करणारी बाई आमच्या दारातून वाकून बघत होती. हातांना साबणाचा वास, पदर खोचलेला. "नवा घेतला वाटतं, ताई?" ती दारातच टेकायला लागली. माय पलंगावरून एवढ्या जोरात ओरडली की आप्पांच्या हातातला रिमोट पडला. "दारात नाही बसायचं! आत ये, इथे पलंगावर बस." ती बिचारी घाबरून आत आली आणि चहा पिऊन गेली.

कागद मी जपून ठेवला आहे. चांगला आहे तो, मेहनत केली होती. फक्त शेवटी एक रकाना वाढवला आहे, 'मधला कांदा' म्हणून. परवा ऑफिसातल्या त्याच माणसाला टीव्ही घ्यायचा होता, त्याला तो दिला. फरश्या मोजून जा, पण कितीची फरशी आहे तेही बघ, असंही सांगितलं.

टीव्ही लागल्यानंतरच्या सोमवारीच मायने खुंटीवरची पिशवी काढली आणि वर्गात पुन्हा नाव घातलं. आमच्या घरात आज आमचा स्वतःचा, नवा कोरा, मायच्या नावावरचा टीव्ही आहे, आणि ती पलंगावर बसून त्याची खालची पट्टी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते.