मेलेल्या बापाचं मत

माझा बाप दोनदा मेला. पहिल्यांदा अंथरुणात. दुसऱ्यांदा शाळेच्या खोलीत, आणि तेव्हा त्याला मी मारला. मी चौथीपर्यंत शिकलोय. शुद्ध-अशुद्ध बघणाऱ्यानं दुसरं काहीतरी वाचावं.

बाप गावच्या सोसायटीचा जुना सभासद. एका सभेत तो उठून उभा राहिला आणि सभासदांच्या वाट्याचं बियाणं कुठं गेलं म्हणून चेअरमनला विचारलं. त्याच संध्याकाळी चेअरमनच्या माणसांनी त्याला गोदामाच्या दारात सायकलच्या साखळीनं झोडला. गुडघ्याची वाटी फुटली. त्यानंतर दर इलेक्शनला बाप लंगडत जायचा आणि चेअरमनच्या विरोधात शिक्का मारून यायचा. मरताना मला म्हणाला, "माझं मत त्याला जाऊ देऊ नको." दुसरं काही बोलला नाही. शेताचं नाही, आईचं नाही.

बाप गेल्यावर दोन वर्षांनी दुष्काळ पडला. गावाच्या वरच्या अंगाला माळावर जनावरांची छावणी लागली. सकाळी चाऱ्याची गाडी यायची, मग दिवसभर जनावरं रवंथ करायची आणि माणसं नुसती बसायची. छावणीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं. त्या हॉटेलवाल्यानं पत्र्याच्या शेडात टीव्ही लावला आणि दुपारचे पिक्चर सुरू केले.

सीडी आणायचा आमचा मोटारी दुरुस्त करणारा मुसलमान मेस्त्री. विहिरी आटल्यावर मोटारीला कोण विचारतो? तोही तिथंच बसायचा. एकदा त्यानं इटलीचा पिक्चर आणला. भाषा कुणाला ओ का ठो कळेना. मेस्त्री म्हणाला, "मी सांगतो की," आणि मनाचंच सांगायला लागला.

त्यात एक गडी मढी पुरायच्या कामावर होता. पुरलेली माणसं उठायची आणि जेवायच्या वेळेला आपापल्या घरी यायची. मग घरचे ह्याला हाक मारायचे. हा आपल्या ताटातलं शेवयांसारखं काहीतरी खाता खाता उठायचा, फावड्यानं आलेल्याचं डोकं फोडायचा आणि परत ताटावर येऊन बसायचा. एका मेलेल्या नवऱ्याची कवटी तर अशी उघडली की आतलं सगळं बायकोच्या वाडग्यात पडलं. बायकोनं वाडगं बाजूला सारलं आणि दुसरं घेतलं. आम्ही पोट धरून हसलो.

माझ्या शेजारी म्हशीवाला बसला होता. छावणीत त्याची म्हैस माझ्या बैलांशेजारीच बांधलेली. तो म्हणाला, "हे पुरतात ना, म्हणून उठत्यात. जाळायला पायजे."

मेस्त्री म्हणाला, "आमी बी पुरतो की. आमचे गप पडून ऱ्हातात. तुमचे जाळून बी उठतात. सोसायटीच्या इलेक्शनला बघा!"

सगळं शेड हसलं. मी नाही हसलो. इलेक्शन पुढच्याच आठवड्यात होतं. आमच्याकडं सभासद मेला तरी त्याचं नाव कुणी काढत नाही आणि मत तर कधीच वाया जात नाही. हे मला ठाऊक होतं, पण माझा बाप पण उठू शकतो हे डोक्यात आलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी जुवाची शिवळ धोतरात पाठीमागं खोचली. शिवळ म्हणजे बैलाची मान जुवात अडकवायची हातभर लाकडी खुंटी. माझं मत देऊन शाळेच्या खोलीच्या दाराशी बसून राहिलो. चेअरमनचा माणूस म्हणाला, "झालं ना मत? घरी जा आता." मी म्हणालो, "वडलांची वाट बघतोय."

ऊन कलताना फेटा डोळ्यांपर्यंत ओढलेला एक माणूस लंगडत आत गेला. मतदान घेणाऱ्या साहेबांनी माझ्या बापाचं नाव पुकारलं. तो म्हणाला, "हाजीर." बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका घेतली. आवाज म्हशीवाल्याचा.

मी आत शिरलो. "लंगडायला बी शिकलास व्हय बे?"

तो वळला आणि शिवळ त्याच्या कानशिलावर बसली. फेटा उडाला, कान फाटून लोंबायला लागला. टेबलावर पडता पडता त्यानं मतपेटीला मिठी मारली. मी दुसरी खांद्यात घातली.

"आरं, मी हाय! मला कावून मारतो?"

"तू माझा बाप हायेस ना? माझा बाप मेलाय. तूच खांदा दिला व्हता बे त्याला!"

चेअरमनची माणसं धावून आली. एकानं माझे दोन दात पाडले, ते मी त्याच्याच सदऱ्यावर थुंकले. दुसऱ्याच्या मनगटाला चावलो ते तोंड खारट होईपर्यंत सोडलं नाही. साहेब बाकाखाली गेले होते. रक्तानं भिजलेली कोरी मतपत्रिका त्यांनी खालूनच फाडून टाकली.

हवालदारानं आम्हाला ओसरीवर बसवलं. म्हशीवाल्याला विचारलं, "कुणी मारलं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग चेअरमनच्या माणसाकडं. "पडलो, साहेब. पायरीवरनं."

"बरं, नाव सांग."

त्यानं स्वतःचं नाव सांगावं तर खोटं मतदान, माझ्या बापाचं सांगावं तर मढं. शेवटी म्हणाला, "नाव न्हाई सांगता यायचं, साहेब."

हवालदारानं कपाळावर हात मारला आणि दोघांनाही हाकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी शेडात तो डोक्याला फडकं बांधून आला. मेस्त्री ओरडला, "सरका रे, मयत आलं!" तो माझ्या शेजारीच बसला. जागा तीच होती त्याची.

डोक्याचं फडकं सारखं करत म्हणाला, "चेअरमनचे लोक म्हशीला उसाच्या वाढ्याच्या दोन पेंढ्या जास्त देतो म्हणले व्हते. म्हैस उठंना झाली."

"दिल्या का?"

"न्हाई. म्हणले, मत कुठं पडलं?" मग माझ्याकडं मान वळवून म्हणाला, "आन चेअरमन तर आलाच की निवडून. मग माझा कान कावून फाडलास?"

"आला," मी म्हणालो. "पण माझ्या बापाचं मत घेऊन न्हाई आला."