चिंचेच्या सावलीचा सौदा

बैलांची दलाली करत मला तीस वर्षं झाली. दुसऱ्यांचे बैल बाजारात हाकत नेण्यापासून सुरुवात केली. आज आसपासच्या गावांत कोणाला जोडी घ्यायची असली, तर तो आधी माझ्याकडे येतो. कामठ्याच्या रस्त्याला, गावाबाहेरच्या सरकारी पडीक जागेवर एक मोठी चिंच आहे. तिच्याखाली माझी बाज, माझे खुंटे, माझा सगळा धंदा. पलीकडे शेजाऱ्याचं खळं आणि त्याच्या तणसीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग. जागा दोघांचीही नव्हती, त्यामुळे आमचं कधी भांडण नव्हतं.

मग सरकारनं भांडणाची सोय केली. अशा जागा वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांच्याच नावे कमी किमतीत करून द्यायच्या, असं ठरलं. तलाठ्यानं ग्रामपंचायतीत दर वाचून दाखवला. तेवढ्यात म्हातारा बैलसुद्धा येत नाही. लोक खूश झाले आणि माझं डोकं फिरलं. पहिल्याच बोलीला इतकं कमी सांगणारे मी बाजारात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा बैल नांगराला जुंपला की खाली बसतो.

"खोड पाहिल्याशिवाय मी काही घेत नाही," मी घरी सांगितलं.

"जमिनीची कोणती खोड पायता जी?" बायको म्हणाली. "वीस वर्षं तिथंच तर बसून राहिले. पैसे भरा अन् मोकळे व्हा."

पण फुकट बसताना खोड कोण पाहतो? मी चारही कोपऱ्यांत खड्डे खणले. माती चांगली निघाली, त्यामुळे संशय आणखी वाढला. मी चौथ्या खड्ड्यात उभा असताना जवळच्या बिरसी विमानतळाचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं आणि मला उलगडा झाला. धावपट्टी वाढणार असणार. म्हणूनच सरकार जागा काढून टाकत होतं. आता खोड असलेल्या मालाचा भाव उतरलाच पाहिजे, म्हणून मी तहसील कचेरी गाठली.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात दुपट्ट्याखाली ठेवायचे आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्यांना काही कळत नाही, कोणाची अब्रू जात नाही. कचेरीत माझ्यामागे बरीच रांग होती. सगळ्यांदेखत कारकुनाला भावात खाली उतरवणं मला बरं वाटेना. म्हणून मी त्याच्या हातावर दुपट्टा टाकला आणि दोन बोटं दाबली.

"काका, हात काढा," तो पुटपुटला. "वर कॅमेरा आहे."

"त्याले काय दिसते जी? त्याच्यासाठीच तर दुपट्टा आहे."

तो खुर्चीसकट मागे सरकला. "मी असलं काही घेत नाही."

"मी देऊन कुठं राहिलो? मी तर कमी करून राहिलो."

रांग हसायला लागली. दर शासनाचा आहे, तो सगळ्यांना एकच, असं कारकुनानं मला समजावलं.

"जो बोलणी करते त्यालेही तेवढाच अन् जो करत नाही त्यालेही तेवढाच?"

"हो."

"मग मी तीस वर्षं शिकलो कायले?"

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात अर्ज घेऊन पुढे आला. हात शेजाऱ्याचा होता. त्याचे पूर्वज माळव्याहून इकडे आले, हे तो सगळ्यांना सांगतो. तेव्हापासून त्या घराण्यात कोणी घासाघीस केल्याचं ऐकिवात नाही. त्यानं "किती?" विचारलं, पैसे भरले, पावती घडी करून खिशात ठेवली आणि मला विचारलं, "घरी येता का जी? गाडीवर जागा आहे." मी पायी निघालो.

दुसऱ्या दिवशी मी बिरसीला गेलो. विमानतळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला दोन तास बसवलं. धावपट्टी कुठवर वाढणार, असं विचारल्यावर त्यानं उत्तर न देता माझंच नाव-गाव लिहून घेतलं.

परत आलो तर चिंचेच्या अलीकडे हद्दीचा दगड रोवलेला. ज्यानं आधी पैसे भरले, त्याची मोजणी आधी झाली. मोजणीवाल्यानं शेजाऱ्याला हद्द विचारली. तो भोळेपणानं "चिंचेपर्यंत" म्हणाला आणि चिंच त्याच्यात गेली. माझी हरकत आहे का, हे विचारायला माणूस घरी आला होता. "ते बिरसीले विमान पाहायले गेले," बायकोनं सांगितलं.

मी नंतर पैसे भरले. दर तोच, झाड नाही.

आता गंमत अशी की चिंच माझ्या पूर्वेला. सकाळची सावली माझ्या जागेत पडते. दुपारी ती उठून शेजाऱ्याकडे जाते. गिऱ्हाइकं येतात दुपारी. सौदा रंगात आला की बैल सावलीमागे सरकत सरकत खळ्यात पोचायचे आणि त्याची तणीस खायचे. त्यानं एकदा मनाई केली असती, तर माझा धंदा उन्हात आला असता. मी त्याच्याकडे गेलो.

"भाऊ, दुपारच्या सावलीचे काय घेता?"

"सावलीचे काय घ्याचे जी? बसा."

"फुकट नको. जो फुकट देते, तो कधीही उठवते. तुमच्या धानाच्या बांधीत ट्रॅक्टर फसते. दरसाल चिखलणीला माझी जोडी एक दिवस."

"ठीक."

माझा संताप झाला. "ठीक काऊन म्हणता? मी मुद्दाम कमी सांगितलं. तुमी जास्त मागा."

"मले नाही येत."

म्हणून मीच त्याला शिकवायला बसलो. दुपट्टा टाकला, एक बोट म्हणजे एक दिवस हे सांगितलं आणि त्याचा हात धरला. त्यानं पाचही बोटं माझ्या हातात दिली. मी दोन दाबली. मी बैलांचा थकवा सांगितला, चाऱ्याचा भाव सांगितला, तीन दाबली. तो चिंचेकडे पाहत बसला. त्याचा हात तसाच, पाच बोटांचा. मी आवाज चढवला, उठायचं नाटक केलं, पुन्हा बसलो, चार दाबली. त्याला घाई नव्हती, राग नव्हता, कुठं जायचंही नव्हतं. असा गडी मला बाजारात कधी भेटला नाही. शेवटी मी ओरडलो, "घ्या, पाच!"

"हात आखडला होता जी," बोटं चोळत तो म्हणाला. "मी म्हटलं, तुमचं झालं की सोडाल."

आज चिखलणीचा चौथा दिवस. माझी जोडी त्याच्या बांधीत आहे. मघाशी तो सांगायला आला की काम संपत आलं, उद्या बैल नाही पाठवले तरी चालेल. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. उद्या सकाळी सहाला बैल येतील, काम असो नसो.